स्टेट अप्रूव्ड म्हणाले आणि मी 7,800 डॉलर भरून बसले

इथे सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात नवीन आलेल्या, एच-फोर वर (नवऱ्याच्या वर्क व्हिसामुळे मिळतो तो व्हिसा) असलेल्या आणि घरी बसून कंटाळलेल्या मुलींसाठी मुद्दाम लिहितेय. माझं लाजिरवाणं आहे पण असू दे.

मला नर्सिंगला जायचं होतं. पुण्यातलं बीकॉम इथे त्याला काही उपयोगाचं नाही, आधी अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी हे तीन विषय करावे लागतात. घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे इथल्या कमी फीच्या सरकारी कॉलेजात, अ‍ॅनाटॉमीची वेटलिस्ट एवढी लांब की दोन सेमिस्टर नंबरच लागला नाही. तेवढ्यात गणपतीत ओळख झालेल्या एका ताईंनी एका प्रायव्हेट कॉलेजचं नाव सांगितलं, वेटलिस्ट नाही, सगळं ऑनलाइन, आठ महिन्यांत तिन्ही विषय. आपलंच माणूस सांगतंय म्हटल्यावर मी कशाला खोदून विचारतेय.

ऑफिस बघायला गेले तर एका डेंटिस्टच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या. तिथल्या अ‍ॅडव्हायझरला मी विचारलं होतं हो, की हे नर्सिंगला चालेल ना. तो म्हणाला, "वुई आर स्टेट अप्रूव्ड, मॅम," आणि भिंतीवरचं फ्रेम केलेलं सर्टिफिकेट दाखवलं. वेबसाइटवर खाली सोनेरी शिक्का होता कुठल्यातरी ग्लोबल कौन्सिलचा. मी खूश. आपल्याकडे यूजीसी असते तसंच काहीतरी सरकारी असणार असं मी मनाशी धरून चालले, आणि खरी चूक तिथे झाली.

आठ महिन्यांनी ट्रान्सक्रिप्ट घेऊन कम्युनिटी कॉलेजच्या काउन्सेलरकडे गेले. वयस्कर बाई होत्या, त्यांनी काही न बोलता स्क्रीन माझ्याकडे वळवली. तीन ओळी, तीन विषय, आणि प्रत्येकापुढे 0.00. मला वाटलं अजून भरायचं असेल, पण माझं एकही युनिट, म्हणजे विषयाचं क्रेडिट, त्यांनी धरलं नव्हतं.

मग त्यांनी जे समजावलं ते आधी कळायला हवं होतं. अप्रूव्ड म्हणजे राज्याने धंदा करायची परवानगी दिलीय, आपलं शॉप अ‍ॅक्ट लायसन्स असतं ना, तसं. दुकान उघडता येतं, मालाची गॅरंटी त्यात नसते. अ‍ॅक्रेडिटेशन, म्हणजे शिक्षणाच्या दर्जाची मान्यता, ते वेगळं. ते अमेरिकेत फेडरल सरकार स्वतः देतच नाही, त्यासाठी स्वतंत्र एजन्सीज आहेत आणि फेडरल डिपार्टमेंट ऑफ एज्युकेशन फक्त कुठल्या एजन्सीला मानायचं ते ठरवतं. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांचं काम एसीसीजेसी नावाचं कमिशन बघतं. कॉलेज आधी स्वतःचा रिपोर्ट लिहितं, मग दुसऱ्या कॉलेजांतले शिक्षक आणि अधिकारी येऊन तपासतात, मग कमिशन ठरवतं, आणि हे दर काही वर्षांनी पुन्हा. नुसती फॉर्मॅलिटी नाही हं, सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजला जुलै 2013 मध्ये सांगितलं होतं की वर्षभरात मान्यता काढू, प्रकरण कोर्टात गेलं, हजारो मुलं सोडून गेली आणि जानेवारी 2017 मध्ये कुठे सात वर्षांसाठी मान्यता पक्की झाली. एवढ्या मोठ्या सरकारी कॉलेजची ही गत, तर डेंटिस्टच्या वरच्या दोन खोल्यांचं काय.

तो सोनेरी शिक्का मी नंतर शोधला. कौन्सिलचा पत्ता म्हणजे एका कुरियरच्या दुकानातला मेलबॉक्स. मान्यता देणारी संस्थाच खोटी काढायची हा इथला जुना धंदा आहे म्हणे.

आणि एक गोष्ट, जी मला फार उशिरा लक्षात आली. मान्य एजन्सीचं अ‍ॅक्रेडिटेशन नसेल तर कॉलेजला फेडरल फायनान्शियल एड मिळत नाही, म्हणजे तिथे फॅफ्साचा, त्या मदतीसाठी भरायचा, फॉर्म चालत नाही. इथली मुलं फॅफ्साचं पहिल्या भेटीतच विचारतात आणि नाही म्हटलं की सावध होतात. आपल्याला एच-फोर वर ती मदत तशीही नसते, आपण विचारतच नाही. म्हणून तर त्या झूम वर्गात अर्ध्याहून जास्त आडनावं देशी होती. अशा लोकांना गिऱ्हाईक बरोब्बर कळतं.

हिशोब सांगते म्हणजे जास्त दुखेल. मी राज्यात वर्षापेक्षा जास्त राहिलेय म्हणून कम्युनिटी कॉलेजात मला रेसिडेंट फी, 46 डॉलर युनिट. तिन्ही विषय मिळून 14 युनिटं धरली तरी 644 डॉलर, वर पुस्तकं. मी भरले 7,800.

कुठेही पैसे भरायच्या आधी डिपार्टमेंट ऑफ एज्युकेशनच्या वेबसाइटवर कॉलेजचं नाव टाकून बघा, फुकट आहे, दोन मिनिटं लागतात. त्यानंतर जिथे पुढे जायचंय तिथल्या काउन्सेलरला ईमेल करून विचारा की ह्यांचे युनिट घ्याल का, आणि उत्तर लेखीच घ्या, कारण अ‍ॅक्रेडिटेड असलं तरी घ्यायचं की नाही ते समोरचं कॉलेज ठरवतं. नर्सिंग, डेंटल हायजीन असल्या कोर्सना अख्ख्या कॉलेजशिवाय त्या कोर्सची वेगळी मान्यता असते, तीही बघा.

त्या ताईंना मी काही बोलले नाही, त्यांच्या भाचीनेही तिथेच पैसे भरलेत. राज्याच्या ऑफिसात कम्प्लेंट टाकलीय, रिफंडचं बघू. ह्या सेमिस्टरला एकदाचा नंबर लागला, मंगळवार-गुरुवार संध्याकाळी अ‍ॅनाटॉमीची लॅब असते, पोराला नवरा सांभाळतो आणि मी एकोणीस वर्षांच्या पोरांबरोबर परत पहिल्या हाडापासून सुरू केलंय. 206 आहेत.