पाय धुण्याच्या विधीचा तयार स्टील संच: गंगाळ ठीक, स्टँड नको

ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी चर्चमध्ये पाळक, म्हणजे धर्मगुरू, येशूची आठवण म्हणून बारा जणांचे पाय धुतात. या विधीसाठी चर्चच्या सामानाच्या दुकानांत तयार संच मिळतो. त्यात 14 इंची गंगाळ, दीड लिटरची तोटीची झारी, एक टॉवेल आणि गंगाळ ठेवायला फूटभर उंचीचा घडीचा स्टँड येतो. गंगाळ आणि झारी कामाची. टॉवेल बदलावा लागतो. स्टँड घेऊच नये.

गंगाळ फूटभर वर गेलं की बसणाऱ्याला पाय उचलून धरावा लागतो. गुडघेदुखीच्या म्हाताऱ्याचा तोल जातो. आणि पाळकसाहेबांना नुसतं वाकून भागतं. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात (अध्याय 13) येशू भोजनावरून उठला, वरची वस्त्रं काढून ठेवली, कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुण्याचं, दासाच्या वाट्याचं काम स्वतः केलं. ते काम खाली न बसता उरकायची सोय विकत कशाला घ्यायची? पाळकांचेच गुडघे दुखत असतील तर पाट घ्या. पाटावर बसून धुता येतं आणि धुणारा समोरच्यापेक्षा खालीच राहतो.

गंगाळाचा पत्रा पातळ आहे. कुणी टाच काठावर टेकली की ते कलंडतं, फरशी ओली होते आणि पुढचा घसरतो. खाली पोत्याची घडी टाकली की हलत नाही. झारीची धार बारीक, एकसारखी पडते. कान मात्र रिबिटापाशी सैल असतो, घेतानाच हलवून बघा.

पाणी एका पायाला पाव लिटर पुरतं. बारा जणांचे दोन्ही पाय म्हणजे 6 लिटर, एक कळशी. एप्रिलात टँकरवर असलेल्या गावाला हा हिशेब लागतो. साबण टाकू नका, तेच पाणी झाडाला जाईल. सहा जण झाले की गंगाळ रिकामं करा. पाणी कोमटच हवं: मधुमेह असलेल्यांना पायाला चटका बसला तरी कळत नाही. जखम असेल तर आधी विचारून घ्या.

संचातला टॉवेल पाणी टिपत नाही, नुसतं पसरवतो. त्याऐवजी सुती पंचे, माणशी एक. एकच पंचा सगळ्यांना फिरवला तर एकाच्या चिखल्या बाराजणांना. पंच्याच्या दशा कापून टाका, पैंजणाची कडी त्यात अडकते.

खुर्च्या संचात येत नाहीत, पण विधी बिघडतो तो तिथेच. दरवर्षी कमिटीचे तेच बारा जण, घरून पाय घासून, पावडर लावून आलेले. ऊसतोडीवरून परतलेली कुटुंबं मागे सतरंजीवर. अंगठीवाल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यांच्या माणसाला पायाशी, याला बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात (2:1-4) सरळ पक्षपात म्हटलंय. चिठ्ठ्या टाका, आदल्या दिवशी नावं सांगा, झाडू मारणाऱ्या बाईचीही चिठ्ठी असू द्या. कॅथलिक विधीतही 2016 पासून स्त्रियांना बसवायची मुभा आहे. खुर्च्या सगळ्या एकसारख्या, प्लॅस्टिकच्या चालतील. अध्यक्षांसाठी गादीची नको.

स्टँडचे पैसे वजा करून भाव मागा. दुकानदार ऐकत नसेल तर संच सोडा आणि भांड्यांच्या दुकानातून जाड बुडाची खोलगट परात नि झारी घ्या. परातीचा काठ वळवलेला आहे ना, बोट फिरवून बघा. धारदार काठ टाचेच्या भेगेला लागतो.