प्रीफॅब घर, अकरा महिने आणि एक झोपाळा

दापोलीकडे गावाला ६२० स्क्वेअर फुटांचं प्रीफॅब घर (भाग फॅक्टरीत तयार करून जागेवर जोडतात ते) बांधून अकरा महिने झाले. एलजीएसएफ म्हणजे पातळ स्टीलच्या पत्र्याची फ्रेम, बाहेरून सिमेंट बोर्ड, आतून जिप्सम बोर्ड, मध्ये उष्णता-आवाज अडवणारं रॉकवूल, वर पफ पॅनल (दोन पत्र्यांमध्ये फोम), हे सगळं ब्रोशरमध्ये असतंच. ब्रोशरमध्ये जे नसतं ते सांगतो, म्हणजे झोपाळा.

कोटेशनं तीन घेतली. सगळ्यात स्वस्तवाल्याला फ्रेमच्या पत्र्याची जाडी विचारली तर त्याने टाइल्सचे डिझाईन दाखवायला घेतले, तो बाद. दुसऱ्याकडे दाखवायला नुसते व्हिडिओ. तिसऱ्याने चालू साइटवर नेलं, त्याला काम दिलं. रेट १६५० रुपये फूट. गावच्या गवंड्याने चिऱ्याच्या घराचे पायासकट २१०० सांगितलेले, म्हणजे १३ लाख. पावणेतीन लाख वाचले म्हणून मी खूश, तर वर १८ टक्के जीएसटी, मग जोत्याचे १ लाख ९० हजार (‘जोतं ग्राहकाचं’ हे शेवटच्या पानावर बारीक अक्षरात), आणि पाखाडीवरून ट्रक उतरेना म्हणून फ्रेमा माणसांच्या खांद्यावरून आणल्या त्याची मजुरी वेगळी. झाले १४ लाखांच्या वर. वाचले कुठे?

काम मात्र ३८ दिवसांत उरकलं, जोतं सोडून. शेजारच्या काकांचं चिऱ्याचं घर दोन वर्षं चालूच आहे, कधी चिरे नाहीत, कधी वाळू नाही, आणि गवंडी शिमग्याला गेला तो गेलाच.

आता झोपाळा. मे महिन्यात आप्पांनी आजोबांच्या वेळचा सागवानी पाट आणि पितळी कड्या माळ्यावरून काढल्या, सुताराला बोलावून पडवीच्या छताला हूक मारले आणि बसले. दुसऱ्या दिवशी बघतो तर वरची पट्टी वाकलेली. असणारच, एखाद मिलिमीटर जाडीचा पत्रा तो, छताचं वजन सगळ्या फ्रेमवर वाटलं जातं म्हणून उभा राहतो, एकाच जागी माणूस लटकून झोके घ्यायला लागला की संपलं. पण कोकणात घर विकताना ‘पडवीत झोपाळा टांगणार का’ एवढं विचारायला काय जातं? फ्रेम फॅक्टरीतून यायच्या आधी सांगितलं असतं तर तिथे जाड सेक्शन टाकता आला असता, हे त्यांच्याच माणसाने मला नंतर सांगितलं. नंतर!

झोपाळा त्याच दिवशी काढला. पण जुलैत स्वयंपाकघराच्या खिडकीच्या सांध्यातून पाणी यायला लागलं, सतरा फोनांनंतर सर्व्हिसवाला आला, पडवीतली हुकांची भोकं बघितली आणि म्हणाला, साहेब, तुम्ही स्ट्रक्चरला एक्स्ट्रा लोड दिलाय, वॉरंटी गेली. अरे बाबा, झोपाळा पडवीत, गळती मागच्या खिडकीला, मध्ये अख्खं घर! शेवटी मीच पीयू सीलंटची ट्यूब आणून सांधा भरला, ४५० रुपये, तेव्हापासून थेंब नाही. म्हणजे त्यांना ४५० रुपयांचं काम करायचं नव्हतं.

इथपर्यंतचं ऑगस्टमध्ये लिहिलेलं, तेव्हा दोन स्टार देणार होतो. पण गणपतीला गेलो आणि जरा वरमलो. आमच्या जुन्या घरात पावसाळ्यात भिंतीला हात लावला की ओल लागायची, कपाटातल्या चादरींना कुबट वास, इथे तसं काहीच नाही, भिंती खडखडीत कोरड्या. छत तडतडेल ही भीती होती, तर पफमुळे टीव्ही नेहमीच्याच आवाजात ऐकता येतो. आणि जून २०२० च्या निसर्ग वादळात जुन्या घराची निम्मी कौलं गेल्यापासून आप्पा वारा सुटला की रात्रभर जागे असायचे, ते या पावसाळ्यात चक्क घोरत होते. सध्या साडेतीन स्टार. अर्धा झोपाळ्याने खाल्ला, एक सर्व्हिसने.

झोपाळ्याचं म्हणाल तर दिवाळीत काकांच्याच गवंड्याला पकडलं (सापडला एकदाचा). पडवीच्या पुढे चिऱ्याचे दोन खांब, त्यावर आडवा लोखंडी पाइप, घराला कुठेही न टेकता. २७ हजार. अठरा चिरे उरलेत, आणि आप्पांनी त्यावरून मागे पक्की न्हाणी बांधायचा विषय काढलाय.