काढा की समुपदेशन? दारूमुळे पुन्हा पुन्हा सुजणारं स्वादुपिंड

चीनमधल्या बऱ्याच रुग्णालयांत स्वादुपिंडाला सूज आली की सलाईनच्या जोडीला दाचंगची नावाचा काढा देतात. त्यात रेवाचिनीचं मूळ, सोडियम सल्फेट, मॅग्नोलियाची साल आणि कच्चं कडू संत्रं असतं. ठप्प झालेली आतडी हलती करणं, हे त्याचं काम. म्हणजे तो चालू दुखण्यावरचा जोडउपचार आहे. सुजेचा पुढचा झटका टळेल म्हणून घरी घेत राहावा, असा भक्कम पुरावा नाही. शिवाय अशा मिश्रणांत येणाऱ्या चिनी स्कलकॅप या वनस्पतीने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि पिणाऱ्याचं यकृत आधीच थकलेलं असतं.

समुपदेशनाचा दाखला फिनलंडमधल्या तांपेरेचा, २००९ साली प्रसिद्ध झालेला. १२० रुग्णांना रुग्णालयातच दारूबद्दल समजावलं. त्यांतल्या साधारण निम्म्यांना पुढे २ वर्षं दर ६ महिन्यांनी पुन्हा बोलावलं. एकदाच समजावलेल्यांत १३ जणांना पुन्हा झटका आला, पुन्हा बोलावलेल्यांत ५ जणांना. मी तरी घरच्या माणसाला याच वाटेने नेईन. सिगारेटही सोडायला लावेन.

मात्र रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद करू नये. फिट येऊ शकते. आधी डॉक्टर गाठा.