चालू घडामोडींचे मराठी मासिक: दहा महिन्यांच्या वापरानंतर

मी खानापूर तालुक्यातील एका गावची. शाळा मराठी माध्यमाची, पदवी बेळगावातून, आणि आता केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेची तयारी बेळगावातील एका अभ्यासिकेत बसून करते. जुलै २०२५ मध्ये मी चालू घडामोडींच्या एका मराठी मासिकाची वर्षाची वर्गणी भरली. छापील अंक टपालाने येतो आणि सोबत त्याच प्रकाशनाचे ॲप मिळते. मासिकाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे सांगितलेल्या उणिवा त्या एका मासिकापुरत्या नाहीत. अभ्यासिकेत आम्ही अंक आपापसांत बदलून वाचतो आणि इतर अंकांतही मला त्या कमीअधिक प्रमाणात दिसल्या. सीमाभागातील मराठी विद्यार्थ्याला वर्गणी भरण्यापूर्वी जे कळायला हवे, ते मला कळले नव्हते. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

प्रथम जे चांगले आहे ते सांगते. मुख्य परीक्षेत निबंध आणि सामान्य अध्ययनाच्या चार प्रश्नपत्रिकांची उत्तरे मराठीत लिहिता येतात, आणि त्यासाठी मराठी विवेचनाला पर्याय नाही. वस्तू व सेवा कराचे नवे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाले, तेव्हा इंग्रजी वृत्तपत्रातून सगळे समजले होते. पण दोनशे शब्दांचे उत्तर मराठीत लिहायला बसल्यावर वाक्ये जागोजागी अडत होती. मासिकातील त्या विषयावरचा लेख दोनदा वाचल्यानंतर हे दर ठरवणाऱ्या केंद्र व राज्यांच्या परिषदेतील मतांची विभागणी, म्हणजे केंद्राकडे एक तृतीयांश व राज्यांकडे दोन तृतीयांश भार आणि निर्णयाला तीन चतुर्थांश बहुमत, हे सारे मला स्वतःच्या भाषेत, कोणाचे वाक्य न उचलता मांडता आले. एवढ्यासाठीही मी या मासिकाची शिफारस करीन.

पूर्व परीक्षेचे मात्र वेगळे आहे. तिची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदी या दोनच भाषांत येते, हे आपण सर्व जाणतो, पण मराठीतून वाचताना त्याचा विसर पडतो. मी पहिले तीन महिने प्रत्येक अंक रंगीत पेनाने अधोरेखित केला, चार वह्या भरल्या आणि ऑक्टोबरमध्ये सराव चाचणी दिली. व्याजदर ठरवणारी पतधोरण समिती मला तोंडपाठ होती: सहा सदस्य, त्यांपैकी तीन रिझर्व्ह बँकेचे आणि तीन केंद्राने नेमलेले. चाचणीत हिंदी बाजूला ‘मौद्रिक नीति समिति’ आणि इंग्रजी बाजूला ‘मॉनेटरी पॉलिसी कमिटी’ असे वाचल्यावर मी क्षणभर थांबले, आणि दोन तासांत शंभर प्रश्न सोडवायचे असताना असे क्षण साठत जातात. चलनवाढ ही हिंदीत मुद्रास्फीति असते, वित्तीय तूट ही राजकोषीय घाटा, घटनादुरुस्ती ही संविधान संशोधन, भौगोलिक मानांकन हे भौगोलिक संकेतक. मासिक प्रत्येक संज्ञेचा केवळ मराठी शब्द देते. लेखाच्या शेवटी इंग्रजी व हिंदी संज्ञांची चार ओळींची चौकट दिली असती तर माझे तीन महिने वाचले असते. प्रकाशकांना मी तसे पत्रही लिहिले आहे. तोपर्यंत मी प्रत्येक पानाच्या समासात तिन्ही शब्द स्वतः लिहिते, आणि नव्याने वर्गणी भरणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या अंकापासून तसे करावे असे मला कळकळीने वाटते.

दुसरी उणीव यापेक्षा खोल आहे. मासिक घटना सांगते, पण ती ज्या कायद्यावर किंवा संस्थेवर उभी असते तिथपर्यंत क्वचितच पोहोचते. जून २०२५ मध्ये इटलीतील एका प्रसिद्ध फॅशन कंपनीने कोल्हापुरीसारखी चप्पल मिलानच्या मंचावर दाखवली आणि मोठा वाद झाला. मासिकाने त्यावर दीड पान दिले, त्यात वादाचा घटनाक्रम होता आणि संताप होता. निपाणी आणि अथणी परिसरात ही चप्पल घराघरांत शिवली जाते, त्यामुळे तो संताप मलाही वाटला. पण परीक्षेसाठी लागणारी गोष्ट मला अन्यत्र शोधावी लागली: कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशातील उत्पादनाची कायदेशीर ओळख, महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचे आहे, आणि ते महाराष्ट्राचे लिडकॉम व कर्नाटकाचे लिडकर या दोन चर्मोद्योग महामंडळांच्या नावे संयुक्तपणे नोंदलेले आहे. मानांकनाचा कायदा १९९९ चा, अंमल २००३ पासून, नोंदणी कार्यालय चेन्नईला, मुदत दहा वर्षांची व नूतनीकरण करता येणारी. ट्रेडमार्कप्रमाणे ते दुसऱ्याला विकता येत नाही आणि त्याचे संरक्षण देशाच्या हद्दीपुरते असते. मिलानमध्ये काय घडू शकले आणि का, याचे उत्तर या शेवटच्या वाक्यात आहे, आणि दीड पानात नेमके तेच नव्हते.

याच कारणाने नोव्हेंबरपासून मी पद्धत बदलली. आता एका घटनेला वहीचे एकच पान देते आणि त्यावर बातमी फक्त दोन ओळींत लिहिते. उरलेल्या पानावर संबंधित कलम, कायदा, संस्था, नकाशातील जागा आणि मागील वर्षांचा एखादा प्रश्न येतो. मासिक यासाठी विषय पुरवते, पान मात्र आपणच भरायचे. ज्या महिन्यात अंकातील साठ घटनांमधून मी पंधराच निवडल्या, त्या महिन्याचे मला आज सर्वांत जास्त आठवते.

या पद्धतीचा खरा उपयोग मला घरच्याच प्रश्नांत झाला. आमच्याकडे म्हादई नदीच्या पाण्याचा कर्नाटक-गोवा वाद आणि महाराष्ट्र-कर्नाटक सीमावाद हे वृत्तपत्राच्या एकाच पानावर शेजारी-शेजारी छापून येतात, त्यामुळे लहानपणापासून दोन्ही एकाच जातीचे भांडण वाटत आले. मासिकानेही दोन्ही एकाच ‘आंतरराज्य वाद’ या शीर्षकाखाली आठ ओळींत उरकले. पाने वेगळी करून लिहू लागले तेव्हा कळले की राज्यघटनेने त्यांचे रस्ते वेगळे ठेवले आहेत. पाण्याच्या वादासाठी कलम २६२ आणि त्याखालील १९५६ चा आंतरराज्य नदी जलविवाद कायदा. २०१० मध्ये नेमलेल्या म्हादई लवादाने २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले, पैकी मलप्रभेच्या खोऱ्यात वळवण्यासाठी कळसा व भांडुरा या नाल्यांचे मिळून ३.९ टीएमसी. सीमेचा प्रश्न मात्र राज्यांच्या सीमा बदलण्याचा संसदेचा अधिकार सांगणाऱ्या कलम ३ शी आणि १९५६ च्याच राज्य पुनर्रचना कायद्याशी जोडलेला आहे, आणि महाराष्ट्राने २००४ मध्ये दाखल केलेला दावा कलम १३१ खाली, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाच्या मूळ अधिकारक्षेत्रात आहे. ज्या कणकुंबीच्या रस्त्याने मी कितीतरी वेळा गेले, तिथली मलप्रभा पूर्वेला वळते आणि भीमगडच्या जंगलातली म्हादई गोव्याकडे उतरते, हे मला नकाशाशिवाय ठाऊक होते. कलमांशी त्याची सांगड मात्र पंचविसाव्या वर्षी घातली गेली. या एका पानाने मला जितका आत्मविश्वास दिला, तितका चार वह्यांनी दिला नव्हता.

चुकांविषयी स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. तीस दिवस सलग कोठडीत असलेल्या मंत्र्यांना पदावरून दूर करण्याविषयीचे १३० वे घटनादुरुस्ती विधेयक २० ऑगस्ट २०२५ रोजी लोकसभेत मांडले गेले आणि संयुक्त समितीकडे पाठवण्यात आले. अंकात मात्र ‘१३० वी घटनादुरुस्ती मंजूर’ असे छापले होते. पुढील अंकात शुद्धिपत्र आले नाही. मांडलेले आणि मंजूर झालेले यांतील फरकावर आयोग एक विधान सहज रचू शकतो आणि चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण वजा होतात. तेव्हापासून मी विधेयके, योजना व मंत्रिमंडळाचे निर्णय केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या (पीआयबी) संकेतस्थळावर पडताळल्याशिवाय वहीत उतरवत नाही. त्याला रोज वीस-पंचवीस मिनिटे लागतात.

अंकाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग महाराष्ट्र राज्याच्या घडामोडींचा असतो. जुलैमध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यावरची पाने अतिशय उत्तम होती, आणि बारावा किल्ला जिंजी तमिळनाडूत आहे हे त्यांनी ठळकपणे सांगितले. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या सीमाभागातील ८६५ गावांच्या मराठी उमेदवारांसाठी असलेल्या सवलतीचा लाभ घेऊन जे महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची परीक्षा देतात, त्यांना हा भाग उपयोगी आहे. कर्नाटक लोकसेवा आयोगाची तयारी करणाऱ्यांना मात्र यातून काहीही मिळणार नाही. त्यांनी कन्नड नियतकालिकच घ्यावे. दोन्ही राज्यांची तयारी एकाच वेळी करणाऱ्या माझ्या मैत्रिणीला दोन वर्गण्या भराव्या लागल्या.

टपालाविषयी थोडक्यात: महिन्याच्या पहिल्या आठवड्यात निघालेला अंक गावच्या पत्त्यावर तिसऱ्या आठवड्यात पोहोचे, एकदा पोहोचलाच नाही आणि दूरध्वनी केल्यावर दुसरी प्रत मिळाली. पत्ता अभ्यासिकेचा दिल्यापासून तक्रार राहिली नाही. ॲपमधील दैनंदिन प्रश्नमंजूषेत ‘कोणाची निवड झाली’, ‘कोणत्या शहरात परिषद झाली’ असेच प्रश्न येतात आणि त्यांचा आयोगाच्या विधानात्मक प्रश्नांशी फारसा संबंध नाही. जानेवारीनंतर मी ते उघडले नाही.

पुढील वर्षासाठी मी छापील अंकाची वर्गणी भरली आहे, ॲपची भरलेली नाही. जुने दहा अंक गावातील माझ्या आतेबहिणीकडे गेले आहेत. ती यंदा पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि समासातले तिन्ही भाषांतले शब्द तिने आधी वहीत उतरवून घ्यायला सुरुवात केली आहे.