घरी कुत्र्याचे केस कापायला कोणतं क्लिपर घ्यावं?

दाट, कुरळ्या केसांच्या पूडलसारख्या कुत्र्यासाठी माणसांचा ट्रिमर घेऊ नका. त्याचं ब्लेड दाट केसात अडकतं, केस ओढले जातात आणि एकदा दुखलं की कुत्रं पुढच्या वेळी जवळ येत नाही. अशा केसांना अँडिस एजीसी किंवा वाहल केएम10 हे ब्लेड बदलता येणारे, दोन स्पीडचे क्लिपर उत्तम. वाहल ब्राव्हुरा हलका आणि वायरशिवायही चालणारा आहे, पण तो पंजे, तोंड आणि पोटापुरताच ठेवा. सगळं अंग त्यानं उरकायला गेलात तर वेळ फार जातो.

ब्लेडचा आकडा जितका मोठा, तितके केस बारीक. 10 नंबर साधारण दीड मिलिमीटर केस ठेवतं, 7एफ सव्वातीन, 4एफ साडेनऊ. नवख्या हाताला 10 नंबर सर्वांत सुरक्षित. 40 नंबर घेऊच नका, कातडी सहज कापली जाते.

आधी आंघोळ, मग केस पूर्ण वाळवून मुळापर्यंत विंचरा. गुंता राहिला तर सगळ्यात महागडं क्लिपरही अडतं. ब्लेड केसांच्या दिशेनं, कातडीला समांतर फिरवा. काखेत आणि जांघेत कातडी ताणून धरा. दर काही मिनिटांनी ब्लेड मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा. चटका बसला तर थांबा, कारण पोटाची नाजूक कातडी त्यानं भाजते. कापण्याआधी ब्लेडच्या दातांवर दोन-तीन थेंब तेल हवंच.

हस्की, जर्मन शेफर्डसारख्या दुहेरी केसांच्या (वर राठ, खाली मऊ असे दोन थर असलेल्या) कुत्र्यांना मात्र क्लिपर नको, चांगला अंडरकोट रेक, म्हणजे खालच्या थरातले सुटे केस काढणारा लांब दातांचा कंगवा, घ्या.