टपाल कार्यालयांतील भित्तिचित्रे: स्पर्धा की रोजगार?

महामंदीच्या काळात अमेरिकी सरकारने चित्रकारांना काम दिले ते मुख्यतः दोन वाटांनी, आणि त्या दोन्हींची आजही सर्रास गल्लत होते. 1934 मध्ये अर्थखात्याने स्थापन केलेल्या ललितकला विभागाने नव्या टपाल कार्यालयांसाठी, इमारतीच्या खर्चाचा साधारण एक टक्का राखून, बहुधा निनावी स्पर्धांतून चित्रकार निवडले. गरज नव्हे, गुणवत्ता हा निकष होता. त्यामुळे लहान गावांतल्या लोकांना, तिकिटे घेताघेता, भिंतीवर आपलीच शेते आणि गिरण्या दिसू लागल्या. मात्र कच्च्या आराखड्यापासून प्रत्येक टप्प्याला वॉशिंग्टनची मंजुरी लागत असल्याने धाडसी प्रयोगांना वाव कमी राहिला.

दुसरी वाट म्हणजे 1935 मध्ये सुरू झालेला फेडरल आर्ट प्रोजेक्ट हा सरकारी रोजगार कार्यक्रम; तो बेरोजगार कलावंतांना नियमित वेतन देई. त्याची कामे गुणवत्तेत असमान होती, हे खरे. पण पुढे अमूर्त चित्रकार म्हणून गाजलेल्या जॅक्सन पोलॉक, ली क्रास्नर यांना त्यानेच तगवले आणि चित्रकार आर्शिल गॉर्कीला न्यू जर्सीतील नेवार्क विमानतळावर आधुनिक शैलीत रंगवू दिले. गॉर्कीच्या त्या दहा चित्रांपैकी दोनच पुढे रंगाच्या थरांखालून परत मिळाली. टपाल कार्यालयांतील चित्रे अधिक टिकली असली, तरी माझ्या मते दुसरी वाटच अधिक उदार होती.