“मदरबोर्ड गेलाय”: ७,४५० रुपयांच्या एका बिलाची चिरफाड

जीएसटी रिटर्नची तारीख २०, आणि १८ला सकाळी ऑफिसचा डेस्कटॉप बटण दाबूनही ढिम्म. ना पंखा, ना दिवा. आदल्या रात्री विजा कडाडून लाइट गेली होती. अशा घाईत गिऱ्हाईक भावाची घासाघीस करत नाही, हे दुरुस्तीवाल्याला पक्कं ठाऊक असतं. हिशेबाचं काम करणाऱ्या एका छोट्या ऑफिसच्या हातात पडलेलं बिल असं होतं: मदरबोर्ड ४,८००, एसएमपीएस (भिंतीतल्या विजेची कमी व्होल्टची डीसी वीज करून मशीनला देणारा डबा) ‘४५० वॉट’ १,१००, सीमॉस सेल (बोर्डावरचा बटणासारखा छोटा सेल) १५०, फॉरमॅट-विंडोज-अँटिव्हायरस ९००, सर्व्हिस ५००. एकूण ७,४५०. बिलावर जीएसटी नंबर नाही, बोर्डाचा सिरियल नंबर नाही.

मालकांनी हट्टाने जुना बोर्ड परत मागून घेतला म्हणून भांडं फुटलं. दुसऱ्या चांगल्या एसएमपीएसवर तो बोर्ड पहिल्या झटक्यात चालू झाला. गेला होता फक्त एसएमपीएस. तो मात्र “भंगारात गेला”.

“बोर्ड शॉर्ट आहे” हे पटवायला काउंटरवर एक खेळ केला जातो. मल्टिमीटर (व्होल्ट-ओहम मोजायचा मीटर) कंटिन्युइटीवर, म्हणजे दोन टोकं जोडलेली असली की वाजणाऱ्या सेटिंगवर, ठेवायचा, एक टोक ग्राउंडला, दुसरं प्रोसेसरजवळच्या कॉइलला. पीप वाजतो. “बघा साहेब, शॉर्ट!” प्रोसेसर बसवलेला असताना चांगल्या बोर्डावरही तिथला रेझिस्टन्स जेमतेम काही ओहम असतो, कधी त्याहूनही कमी. मीटर वाजणारच. या पीपवर एक रुपयाही देऊ नका.

खरी तपासणी घरीच होते, आणि बरीचशी फुकट. सॉकेटमध्ये दुसरं काही लावून बघा. स्पाइक गार्ड आणि यूपीएस वगळून थेट भिंतीत जोडा. स्पाइक गार्डचा ट्रिप झालेला स्विच हे फार नेहमीचं कारण आहे. पॉवर केबल बहुतेक वेळा मॉनिटरचीच चालते, ती अदलाबदल करा. एसएमपीएसच्या मागचा स्विच चुकून बंद झालाय का, तेही पाहा. मग केबल काढून पुढचं पॉवर बटण तीसेक सेकंद दाबून धरा, मिनिटभर थांबा, पुन्हा जोडा. व्होल्टेज उसळल्यावर एसएमपीएसचं प्रोटेक्शन कधी कधी अडकून बसतं आणि एवढ्यावर सुटतं. हेच दुकानात करून वर ‘बोर्ड रिपेअर’चे पैसे लावणारेही आहेत.

नाहीच झालं, तर कॅबिनेट उघडा. पुढचं बटणच खराब झालेलं असू शकतं. बोर्डावरच्या पॉवर स्विचच्या दोन पिनांवर रीसेट बटणाची वायर लावा आणि रीसेट दाबा. मशीन चालू झालं तर खर्च शून्य. पुढच्या यूएसबी पोर्टात आतली पिन वाकून शॉर्ट झालेली असली तरी मशीन उठत नाही. त्या पोर्टची केबल बोर्डावरून काढून बघा.

आता निकाल लावणारी तपासणी. २४ पिनांचा जाड कनेक्टर बोर्डातून काढा, एसएमपीएस वीजेला जोडा, आणि मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून जांभळी वायर आणि कुठलीही काळी वायर यांच्यात मोजा. मशीन बंद असतानाही इथे ५ व्होल्ट हवेत, ४.७५ ते ५.२५च्या दरम्यान. शून्य आले तर एसएमपीएस गेला, बोर्डाचा यात संबंध नाही. कनेक्टर बाहेर असताना ५ व्होल्ट येतात आणि बोर्डात खोचल्यावर एकदम घसरतात, तरच बोर्डावर किंवा त्याला जोडलेल्या एखाद्या पार्टवर संशय घ्यायचा. तेव्हाही आधी ग्राफिक कार्ड, हार्ड डिस्क, यूएसबी सगळं काढून बघायचं.

जांभळ्यावर ५ व्होल्ट ठीक असतील तर केबल काढून हिरवी आणि काळी वायर पेपरक्लिपने जोडा, मग वीज द्या. एसएमपीएसचा पंखा फिरला पाहिजे. (काही महागड्या मॉडेलचा पंखा लोड नसताना फिरतच नाही, एखादा कॅबिनेट फॅन जोडून ठेवा.) पंखा फिरला म्हणजे सगळं आलबेल असंही नाही: पिवळीवर ११.४ ते १२.६ आणि लालवर ४.७५ ते ५.२५ मिळायला हवेत. सगळ्या वायरी काळ्या असतील तर रंगावर जाऊ नका, त्या मॉडेलचा पिनांचा तक्ता बघा. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट असतात, आणि केबल काढल्यावरही काही वेळ टिकतात.

या बिलातला ‘नवा’ बोर्ड एच-८१ चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डावरची मुख्य चिप) होता. हा चिपसेट २०१३चा. त्यासाठी आज मिळणारे बिननावाचे बोर्ड बहुधा जुन्या बोर्डांवरच्या चिप काढून बनवलेले असतात. चिपसेटभोवती फ्लक्सचे (सोल्डरिंगला लावतात त्या पदार्थाचे) पांढुरके डाग, सुरुवातीच्या स्क्रीनवर कंपनीचं नाव नाही, आणि ‘एक महिना टेस्टिंग वॉरंटी’: माल ओळखायला एवढं पुरतं. ‘४५० वॉट’ एसएमपीएसच्या लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात १४ अँपिअर होते. १२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॉट. खोक्यावरचा मोठा आकडा वाचायचाच नाही, हा गुणाकार करायचा.

सेल सीआर २०३२, चाळीस-पन्नास रुपयांचा. तो संपला तर घड्याळ आणि सेटिंग्ज जातात; मशीन सुरूच न होणं क्वचित. फॉरमॅटचे ९०० तर उघड लूट. पॉवरच्या बिघाडात विंडोजला सहसा धक्काही लागत नाही, पण फॉरमॅटमध्ये हिशेबाचा डेटा जाऊ शकतो. शिवाय मशीनसोबत आलेलं विंडोजचं लायसन्स बोर्डाशी बांधलेलं असतं. बोर्ड बदलला की ते सुटतं, मग क्रॅक केलेलं विंडोज घालून वर पैसे.

मशीन दुकानात ठेवावंच लागलं तर आधी रॅम, एसएसडी, एसएमपीएस आणि ग्राफिक कार्डच्या स्टिकरचे फोटो काढा. ८ जीबीची रॅम ४ची होऊन येते. चांगला एसएमपीएस लावून दाखवा, असं समोर उभं राहून सांगा; पाच-दहा मिनिटांचं काम आहे. बोर्ड वॉरंटीत आहे का, ते सिरियल नंबर घालून कंपनीच्या साइटवर स्वतः बघा. नाहीतर तुमचा ‘मेलेला’ बोर्ड कंपनीकडून फुकट बदलून दुसऱ्याला विकला जातो. बदललेला प्रत्येक पार्ट परत घ्या.

फसवणूक झालीच असेल तर बिल, यूपीआयची नोंद आणि जुना पार्ट जपून ठेवा. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग: २०१९च्या कायद्यानुसार तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत, आणि दुकान दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही.